पॉइंट टू-टूची रायफल अंगाला बसवताना

पन्नास मीटर नेमबाजीसाठी स्वतःची रायफल घ्यायची म्हटले की रेंजवरची चर्चा ताबडतोब कंपन्यांवर घसरते. उल्मची आन्शुट्झ घ्यावी की वॉल्थर, आणि खिसा भलताच गरम असेल तर स्वित्झर्लंडची ब्लायकर का नको, यात एक अख्खी संध्याकाळ सहज निघून जाते. माझे मत या चर्चेच्या थोडे बाहेरचे आहे. हौशी नेमबाजाने बॅरल (नळी) धड असलेली वापरलेली रायफल घ्यावी आणि वाचलेला पैसा स्टॉक, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा आणि हातात धरायचा सांगाडा, अंगाला बसवण्यात व चांगल्या काडतुसांत घालावा.

आधी कागदपत्रांचे. साडेचार मिलिमीटरच्या आणि वीस जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे पन्नास मीटरला लागणारी पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाची रायफलही, तशीच दुकानातून उचलून आणता येईल अशी अनेकांची समजूत असते. ते अग्निशस्त्र आहे आणि त्याला १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. आम्हा नेरूळ-वाशीकरांना बेलापूरच्या पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो, ठाणेकरांना ठाण्याच्या. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि नेमबाजी संघटनेची कागदपत्रे एकाच फाइलमध्ये नीट लावलेली असली की निम्मा त्रास वाचतो. वापरलेली रायफल दुसऱ्या परवानाधारकाकडून घेताना विकणाऱ्याने लेखी पूर्वसूचना देऊन ४५ दिवस थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. हा काळ मला उपयोगाचाच वाटला, कारण तेवढ्यात उत्साह थोडा निवतो आणि रायफल पुन्हा एकदा थंड डोक्याने पाहता येते.

पाहायचे काय, तर सर्वप्रथम चेंबरचे, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीचे तोंड. पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या घडीत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. चेंबर रिकामे ठेवून चाप ओढत सराव केलेला असेल, तर कित्येक रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर बसते आणि तिथे बारीक खळी पडते. विजेरी तिरपी धरली की ती दिसते, आणि काडतूस काढताना ते किंचित अडते त्यावरूनही कळते. नंतर बॅरलचे पुढचे तोंड पाहावे. बॅरलमधून बाहेर पडताना गोळीला शेवटचा स्पर्श तिथेच होतो, त्यामुळे चुकीच्या बाजूने साफसफाईची सळई घालून तो काठ झिजवलेला असेल तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी ती रायफल सोडून द्यावी. स्टॉकवरचे ओरखडे आणि उडालेले पॉलिश मात्र खुशाल दुर्लक्षावे.

खरे काम स्टॉकचे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत नेम धरावा लागतो, म्हणजे एकच रायफल तीन वेगवेगळ्या अंगांना बसवायची असते. युरोपातून आलेले स्टॉक आमच्यासारख्या पाच फुटी बाईला बहुधा लांब पडतात. बटप्लेट (स्टॉकच्या टोकाची खांद्याला टेकणारी पट्टी) आत घेऊन लांबी कमी करायची, पण हे माप नेमबाजीचे जाड जाकीट घालूनच घ्यावे, नाहीतर घरच्या कपड्यांत अचूक वाटलेली रायफल रेंजवर खांद्यात रुतते. चीकपीसची, म्हणजे गाल टेकवायच्या भागाची उंची ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. डोळे मिटून गाल टेकवायचा, मान सैल सोडायची, मग डोळे उघडायचे. पीप साइटचे (डोळ्याजवळच्या नेमदर्शकाचे) छिद्र आणि बॅरलच्या टोकाकडच्या नेमदर्शकाचे वलय आपोआप एका रेषेत आले नाही, तर मान न हलवता चीकपीस हलवायचा. ग्रिपचे, म्हणजे मुठीत धरायच्या भागाचे काम सर्वांत हळू चालते. अंगठ्याखालची पोकळी एम-सीलने भरायची, सुकली की कानस आणि पॉलिश पेपरने थोडी उतरवायची, चार सराव करायचे आणि पुन्हा उतरवायची. तळहाताने जोर न लावता बोट ट्रिगरवर सरळ मागे येऊ लागले की थांबावे. आमच्या सरांचे म्हणणे, "लाकूड काढायला घाई कशाला, ते कुठे पळून जातंय?" एक मात्र लक्षात ठेवावे, की सगळ्या जोडण्यांसह वजन स्पर्धेच्या आठ किलोच्या मर्यादेत राहिले पाहिजे.

बॅरल आणि यंत्रणेला घरी हात लावू नये. बॅरल आखूड करणे हा विनापरवाना गुन्हा आहे, आणि शंभर ग्रॅमच्या आसपास सुटणाऱ्या ट्रिगरशी खेळणे हा निव्वळ धोका. ती कामे परवानाधारक कारागिराचीच.

उरलेला पैसा काडतुसांकडे वळवावा. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने जाणारी बनवतात, म्हणजे ध्वनीची मर्यादा ओलांडताना बसणारा हिसका गोळीला बसत नाही. त्या वेगात एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंत सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर-खाली होते. लक्ष्यावरच्या दोन वलयांमधले अंतर आठ मिलिमीटर आणि दहाचे वलय १०.४ मिलिमीटर व्यासाचे, हे ध्यानात घेतले की सातत्याला एवढी किंमत का द्यायची ते उमगते. शिवाय एकाच कंपनीचा एक लॉट (एका वेळी बनवलेला माल) एका बॅरलला मानवतो आणि दुसरा मानवत नाही, आणि याचे कारण कागदावर सापडत नाही. म्हणून निरनिराळ्या लॉटची एकेक डबी आणून रायफल पक्क्या आधारावर ठेवून प्रत्येकीचे दहा-दहा फैरींचे गट, म्हणजे लक्ष्यावर छिद्रे किती जवळजवळ पडतात ते, पाहावेत, आणि सर्वांत घट्ट गट देणाऱ्या लॉटची परवान्यात बसेल तेवढी काडतुसे एकदम घ्यावीत.

आमच्या खाडीकाठच्या हवेत आणखी एक पथ्य आहे. जून ते सप्टेंबर लाकूड ओल धरते आणि यंत्रणा स्टॉकला जखडणाऱ्या स्क्रूंवरचा ताण बदलतो, त्यामुळे दर पंधरवड्याला तो ताण टॉर्क पान्याने (स्क्रू किती आवळला आहे ते मोजणाऱ्या पान्याने) तपासावा. रेंजवरून आणलेली रायफल पेटीत लगेच बंद न करता घरी पंख्याखाली पुसून, बॅरलमधून तेलाचा बोळा फिरवून मगच ठेवावी. पेटीतल्या फोममध्ये मुरलेला दमट वारा बाहेरच्या पावसापेक्षा लवकर गंज चढवतो.