डुकराचा नंदी होईपर्यंत: यंदाच्या सणांच्या खाऊची नोंद

17 ऑगस्ट 2025, रविवार

पोळा शुक्रवारी, तान्हा पोळा शनिवारी. हातात सहा दिवस.

तान्हा पोळा आमच्या विदर्भाचा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी नंदी सजवून मैदानात आणतात आणि मग घरोघर फिरवतात. घरवाले नंदीला कुंकू लावतात आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे पैसे, खाऊ, जे असेल ते. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. सिंदी रेल्वेला तर माणसाच्या उंचीचे नंदी निघतात. आमचं गाव आर्वीकडचं, लहान. तरी गेल्या वर्षी दारात बावीस नंदी आले. प्रत्येकाला दहा रुपये आणि एकेक चॉकलेट दिलं. रात्री अंगण झाडलं तर सुपलीभर चमचमते कागद.

म्हणून यंदा बोजारा म्हणून खायचा नंदीच द्यायचा ठरवलं. माझ्या दोन अटी: ओव्हन नाही, गॅस आणि कढई यांवरच भागवायचं, आणि अर्धं काम पोरांनी करायचं. तिसरी अट धाकट्याने घातली: चाकं फिरली पाहिजेत. लाकडी नंदीला चाकं असतात, मग खायच्या नंदीला का नाही? त्या क्षणी "बरं" म्हणून गेले. पुढचा सगळा ताप त्या "बरं"चा.

आज पहिला प्रयत्न. गुळाच्या कापण्यांचं पीठ मळलं. एक वाटी गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळला, त्यात मावेल तेवढी कणीक (तीन वाट्यांना थोडी कमी लागली), दोन पळ्या कडकडीत मोहन, मूठभर तीळ. लाटून सुरीने बैल कापले, शिंगं वेगळी करून दुधाच्या बोटाने चिकटवली आणि मंद आचेवर तळले. गूळ असला की आच मंदच हवी, नाहीतर बाहेरून काळं आणि आतून कच्चं.

खुसखुशीत व्हावं म्हणून मी चिमूटभर सोडा टाकला. कापण्यांना तो शोभतो, बैलाला नाही. पाय फुगून पोटात गेले. शिंगं तेलात सुटली आणि कढईत वेगळी पोहत राहिली. मोठी लेक झाऱ्याकडे बघत म्हणाली, "आई, हे तं डुक्कर हाय."

आत्याबाई (माझ्या सासूबाई) ओट्यावरूनच बोलल्या, "डुक्कर काऊन वं, म्हैस म्हण. दूध तं देईन."

चवीला उत्तम झालं होतं. संध्याकाळपर्यंत एकही डुक्कर उरलं नाही.

20 ऑगस्ट, बुधवार

दुसरा प्रयत्न गॅसशिवाय. दोन वाट्या भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि एक वाटी चिरलेला गूळ खलबत्त्यात कुटायचा. तेल सुटून गोळा हाताला चिकटेनासा झाला की तयार. मिक्सरमध्येही होतं, पण खलबत्त्यापाशी पोरांची पाळी लागते आणि अर्धा तास घरात शांतता राहते, हा त्याचा खरा फायदा.

मळलेल्या मातीसारखाच वळतो हा गोळा. पोळ्याला पोरं मातीचे बैल करतातच, त्यामुळे हात बसलेला. धाकट्याने वशिंडसुद्धा काढलं. शिंगांना मी सरगुंड्याचे तुकडे खोचले. बाहेरच्यांसाठी सांगते: सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक दोरी काडीभोवती गुंडाळून वाळवलेलं, मधून पोकळ असं आमचं उन्हाळी वाळवण. लग्नात आमरसासोबत असतं. दिसायला शिंग झकास, पण कच्चा सरगुंडा म्हणजे दाताचा शत्रू. कल्पना बाद. (सरगुंड्यांचा डबा मात्र तेव्हापासून डोळ्यांसमोर राहिला. पुढे येईल.)

चाकं मात्र सापडली, बाजारात. किराणा दुकानात सुटे पोंगे मिळतात ना, त्यात चाकाच्या आकाराचे असतात: मधे भोक, आऱ्या, सगळं तयार. तळले की चांगले मोठे होतात. आसाला टूथपिक.

लावून पाहिलं. नंदी टेबलावर ठेवला आणि चारही चाकं कडाकड मोडून तो पोटावर बसला. वजन. शेंगदाण्याचा मूठभर गोळा पोंग्याला कसा पेलणार.

21 ऑगस्ट, गुरुवार, संध्याकाळ

आज खांदशेकणी. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळताना मी शिंगांकडेच बघत होते, नवरा म्हणाला, "मान धर, शिंगं काय बघतं?"

आमच्याकडे गवळाऊ जोडी आहे. वर्धा जिल्ह्याची, त्यातही आर्वी भागाची ही जात. अंग पांढरं-राखाडी, आणि शिंगं आखूड, टोकाला बोथट, किंचित मागे वळलेली. खिल्लारासारखी लांब तलवार नाही. हात चोळता चोळता वाटलं, हे मी कुठंतरी पाहिलंय. घरी आले, डबा उघडला: काजू! उभा दुभागलेला काजू घ्या, सपाट बाजू आत करा. बुडाला जाड, वर निमुळता, टोक बोथट आणि हलका बाक. हुबेहूब गवळाऊचं शिंग. एका काजूत जोडी होते आणि दोन्ही बाक आरशातल्यासारखे समोरासमोर येतात. रात्री दहा वाजता मी एकटीच स्वयंपाकघरात काजू डोक्याला लावून बघत होते.

22 ऑगस्ट, पोळा

पुरण, कढी, वडे, भजी. प्रयोगाला सवड नाही. दुपारी पुरण वाटताना वजनाचा तोडगा मात्र सुचला: मुरमुरे.

23 ऑगस्ट, तान्हा पोळा

सकाळी सहाला लागले. प्रमाण लिहून ठेवा, हे जमलेलं आहे: एक वाटी चिरलेला गूळ, एक चमचा तूप, पाच वाट्या मुरमुरे. मुरमुरे आधी कोरडेच भाजून कुरकुरीत करायचे, आपल्याकडे श्रावणाच्या हवेत ते हमखास सादळलेले असतात. गूळ-तूप मंद आचेवर वितळवून पाक फेसाळू द्यायचा. थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून गोळी झाली आणि ती वाटीच्या काठावर टण्ण वाजली की गॅस बंद. मुरमुरे टाकून भराभर ढवळायचं. इथपर्यंत मोठ्यांचं काम. पाकाचा चटका तेलापेक्षा वाईट, कारण तो चिकटून बसतो. हाताला सोसेल एवढं निवलं की ओल्या हातांनी पोरांनी वळायचं. त्याला मिनिटभर, फार तर दोन मिनिटं मिळतात, मग मिश्रण आखडतं. आखडलं तर पातेलं पुन्हा मंद आचेवर धरलं की सैल होतं.

धड म्हणजे लांबट लाडू, डोकं म्हणजे लहान लाडू. दोन्ही गरम असतानाच एकमेकांना दाबायचे, कशानेही चिकटवायची गरज नाही. काजूची शिंगंही तेव्हाच खोचायची. डोळे मनुकेच्या बारीक तुकड्यांचे. (मिऱ्यांचे करू नका. मी एक केला होता, तो नेमका शेजारच्या चार वर्षांच्या पोट्टीच्या तोंडात गेला.) पाठीवर झूल संत्रा बर्फीची: वडी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये हलकेच लाटून चौकोन कापायचा. केशरी झूल फार गोड दिसते, पण महाग पडते, म्हणून ती फक्त पहिल्या दहांना. बाकीच्यांना कुंकवाचा टिळा म्हणून चेरीचा तुकडा.

पोंगे अगदी शेवटी तळायचे. सकाळी तळून ठेवलेले दुपारी वाकायला लागले, मग ते पोरांना देऊन टाकले आणि पुन्हा तळले. दाराशी नंदी आला की मगच चाकं बसवायची. टूथपिकची टोकं आधीच मोडून घ्या, आणि अगदी लहान लेकरांना बिनचाकाचाच द्या.

गुळाने अंग तांबूस झालं. नवऱ्याने उचलून पाहिला, "गवळाऊ सांगितला होता, हा तं लाल कंधारी आला." पांढरा हवा असेल तर साखरेचा पाक करा. मी करणार नाही, मला गुळाचाच आवडतो.

आणि हो, चालतो. फरशीवर हलकेच ढकलला की दोन वितींवर जातो आणि मग उजवीकडे वळतो. का वळतो ते कळलं नाही. एकूण सत्तावीस दिले. संध्याकाळी एक जण परत आला, हातात फक्त चार चाकं, "काकू, याले अजून एक बैल द्या ना."

7 सप्टेंबर, रविवार

आजपासून भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी, रोज संध्याकाळी पोरी जमतात, भुलाबाई-भुलोजीसमोर (म्हणजे पार्वती-शंकरासमोर) गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत. पण खिरापत अशीच मिळत नाही, ओळखावी लागते. घरवाली बंद डबा कानाशी हलवते, पोरी आवाज ऐकून सांगतात. "गोड का तिखट?" एवढं एकच विचारता येतं, असा आमच्या आळीचा नियम.

सुरुवातीलाच ग्रहण. रात्री खग्रास, वेध दुपारपासून. आत्याबाई ठाम: वेधात काही शिजणार नाही, खाणार नाही. मग सकाळीच भुलाबाई बसवली, सकाळीच गाणी, सकाळीच फुटाणे. फुटाणे काय, डबा उचलायच्या आतच ओळखले.

16 सप्टेंबर

खिरापत द्यायची माझी पाळी दर चार-पाच दिवसांनी येते. दुपारी रिकाम्या घरात स्टीलचा डबा घेऊन आवाज तपासते. शेजारीण खिडकीतून बघून गेली, काही बोलली नाही.

आतापर्यंतचं ज्ञान: शंकरपाळे खडखडतात, लपत नाहीत. मोठा लाडू थप्प करतो. ज्वारीच्या लाह्या जवळजवळ गप्प, पण डबा गप्प असला की पोरी एकसुरात "शिरा!" ओरडतात, मग "केळं!", मग तिसऱ्याला "लाह्या!". डबा शिगोशिग भरला की कशाचाच आवाज होत नाही. मी तेच केलं. मोठीने झाकणाला कान लावला आणि म्हणाली, "आईनं ठासून भरलं हाय, चिवडा असन." चिवडाच होता. लाडू फडक्यात गुंडाळायला गेले तर आत्याबाई म्हणाल्या, ही लबाडी. बरोबर आहे त्यांचं.

24 सप्टेंबर

सरगुंडे! तो डबा आठवला.

सगळ्यांनी ते शिजवूनच खाल्लेत. तळलेले कोणी ऐकलेच नाहीत. उकळत्या पाण्यात सात मिनिटं ठेवले, निथळून पंख्याखाली फडक्यावर पसरले. घाई केली. वरून कोरडे दिसले, पण पोटातल्या पोकळीत पाणी होतं. कढईत पडताच फटाफट तेल उडालं, मनगटावर तीन डाग. पहिला घाणा सोडून मी बाजूला झाले आणि झाकण ढालीसारखं धरून गॅस बंद केला.

28 सप्टेंबर

या वेळी निथळल्यावर चाळणी उभी धरून झटकली, सरगुंडे उलटसुलट करत दोन तास वाळवले, एकेक मोडून आत बोट लावून पाहिलं. मध्यम आच, थोडे थोडे, फिकट बदामी झाले की बाहेर. गरम असतानाच मीठ, तिखट, चिमूटभर पिठीसाखर. कुरकुरीत आणि हलके. डब्यात हलवले तर वाळलेल्या पानांवरून शेळी गेल्यासारखा आवाज. कोणाला दिलं नाही, उरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवले.

6 ऑक्टोबर, कोजागिरी

ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर, त्यात भुलाबाई. आज घरोघरच्या खिरापती एकत्र, चौदा डबे ओळीने. आटवलेलं दूध चुलीवर. आत्याबाईंनी मोठीला आश्विनीचं ओवाळलं, धाकटा "माझं कधी?" म्हणून रुसला. पहिल्या लेकराचंच असतं, त्याला दरवर्षी सांगावं लागतं.

माझा डबा अकरावा. हलवला.

"गोड का तिखट?"

"दोन्ही."

कुजबुज. "पोंगे!" नाही. "कुरड्या!" नाही. "पापडाचा चुरा!" नाही. "काकू, अजून एकदा हलवा." हलवला. "चकल्या मोडलेल्या!" एकीने ज्वारीची पानं सांगितली आणि सगळ्या तिच्यावर हसल्या. मोठी गप्प होती, तिने माझ्या मनगटावरचे डाग बघितले होते. मी डोळे मोठे केले, तशी ती खाली बघू लागली.

पोरींनी हात टेकले. झाकण उघडलं.

"सरगुंडेऽऽ!" आणि मग लगेच, "पण असे कुठं असतात का सरगुंडे?"

आत्याबाईंनी एक उचलून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिल्या. "वाळवण माह्यं होतं," म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात दोन किलो जास्त कर." आणि दूध ओतायला उठल्या.