तुम्ही विचारलंत म्हणून: एलएमध्ये राहता ना, मग तुमचा महापौर कोण?

पुण्याहून कोणाचा फोन आला किंवा इथे एखादं नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की हा प्रश्न हमखास येतो, "तुमच्या महापौर म्हणजे त्या कॅरन बासच ना?" जानेवारी २०२५ च्या आगींनंतर तर फारच विचारतात, कारण टीव्हीवर सारख्या त्याच दिसत होत्या. तर नाही. मी आर्टेशियात राहते, ते जेमतेम सोळा हजार वस्तीचं वेगळं शहर आहे, आमची सिटी कौन्सिल पाच जणांची, त्यातल्याच एकाला महापौर करतात. लॉस एंजेलिस शहराशी आमचा संबंध नाही, आम्ही लॉस एंजेलिस काउंटीत येतो, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आणि एवढ्या मोठ्या काउंटीला आत्तापर्यंत कोणी निवडून आलेला एक प्रमुख नाहीच, आणि माझं सगळं म्हणणं नेमकं त्यावरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकार बघा. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या होती १,००,१४,००९. अमेरिकेतल्या ५० पैकी ४० राज्यांची याहून कमी आहे. त्यानंतर ती थोडी घटलीय, घरांच्या किमतीच अशा आहेत की तरुण माणसं टिकत नाहीत. जमीन साधारण साडेदहा हजार चौरस किलोमीटर, त्यात ८८ शहरं. लॉस एंजेलिस शहर ३९ लाखांचं, लाँग बीच साडेचार लाखांच्या वर, आणि व्हर्नन नावाचं कारखान्यांचं शहर, तिथे २०२० मध्ये मोजलेली माणसं २२२! निम्म्याच्या जवळपास लोक लॅटिनो, पंधरा टक्क्यांच्या आसपास एशियन, त्यात आपण आलो. मतदानाचे कागद काउंटी हिंदी आणि गुजरातीतही देते.

आणि भूगोल म्हणाल तर लाँग बीचहून बोटीने तासाभरात कॅटलिना बेटावर जाता येतं, तेही याच काउंटीत, आणि उत्तरेला सॅन गॅब्रिएल डोंगर ओलांडले की लँकेस्टर, पामडेल, म्हणजे सरळ मोहावी वाळवंट, तेही याच काउंटीत. माउंट बाल्डी १०,०६४ फूट. हिवाळ्यात पाऊस पडून आकाश धुतलं गेलं की आमच्या सपाट भागातून त्या डोंगरांवरचा बर्फ स्वच्छ दिसतो, मला अजूनही गाडी थांबवून बघावंसं वाटतं. ऑरेंज काउंटी आमच्यापासून अगदी जवळ, तीसुद्धा १८८९ पर्यंत यातच होती.

आता हे सगळं चालवतं कोण? पाच जण. बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. १८५० च्या जनगणनेत इथे साडेतीन हजार माणसं होती, १८५२ पासून पाच सुपरवायझर आहेत, आणि एक कोटी लोक झाले तरी पाचच राहिले. म्हणजे एका सुपरवायझरमागे वीस लाख लोक, वॉशिंग्टनला जाणाऱ्या खासदारामागेसुद्धा साडेसात लाखांच्या आसपासच असतात. मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक असतात हे इथल्या लोकांना सांगितलं की ते चाट पडतात. काउंटीचे कायदे करणंही या पाच जणांकडे, अंमलबजावणीही त्यांच्याकडे, बजेट ४५ अब्ज डॉलरच्या वर. पूर्वी लोक त्यांना "पाच छोटे राजे" म्हणायचे. शेरिफ म्हणजे पोलीसप्रमुख, डिस्ट्रिक्ट अटर्नी म्हणजे सरकारी वकील आणि असेसर म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारा, हे तिघे वेगळे निवडून येतात. आपल्या कलेक्टरसारखं वरून नेमलेलं कोणी नसतं.

मतदारसंघ कसे आखतात यावरही इथे मोठी लढाई झालीय. लॅटिनो मतं मुद्दाम फोडली गेली असा निकाल कोर्टाने दिला, नकाशा बदलला, आणि १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या, बोर्डावरची पहिली लॅटिनो बाई. डिसेंबर २०२० पासून तर पाचही जणी बायकाच आहेत.

"पण काउंटीचा आपल्याला काय उपयोग?" असं पुढे विचारतात. पायोनियर बुलेवार्डवर या, आपलं लिटल इंडिया. चाटच्या दुकानाच्या काचेवर निळं मोठं A लिहिलेलं कार्ड लावलेलं असतं बघा, ते काउंटीच्या हेल्थ इन्स्पेक्टरने दिलेलं. ९० च्या वर मार्क पडले तर A, ८० च्या वर B, ७० च्या वर C. १९९८ मध्ये ही पद्धत सुरू झाली, त्याआधी टीव्हीवर हॉटेलांच्या किचनमधली घाण दाखवली होती आणि लोक खवळले होते. आमची लायब्ररी काउंटीची, आग विझवणारे काउंटीचे, पोलीस म्हणजे शेरिफचे डेप्युटी, त्यांचे पैसे शहर कराराने भरतं. ही करारपद्धत शेजारच्या लेकवुडने १९५४ मध्ये सुरू केली, शहर झालं पण स्वतःचं पोलीस खातं काढलंच नाही, आणि मग पुष्कळ गावांनी तेच केलं. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काउंटीचं, १० डिसेंबर आणि १० एप्रिलपर्यंत दोन हप्त्यांत भरायचं, ते नुसतं भरू नका, खालच्या ओळी वाचा, पूरनियंत्रण, डास निर्मूलन, सगळ्याचे वेगळे आकडे असतात.

आमच्याकडे निदान कौन्सिल तरी आहे. काउंटीत दहा लाखांच्या आसपास माणसं अशा भागांत राहतात जे कुठल्याच शहरात येत नाहीत. त्यांचं शहर म्हणजे काउंटीच. ईस्ट एलए तसं, अल्टाडेना तसं. ७ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी दोन आगी लागल्या, पॅलिसेड्स हा भाग लॉस एंजेलिस शहरात, तिथल्या लोकांना जाब विचारायला महापौर होत्या. अल्टाडेनात दुसऱ्या आगीने, ईटन फायरने, ९ हजारांवर इमारती गेल्या, पण तिथे महापौर नाही, टाउन कौन्सिल आहे ती फक्त सल्ला देते. अल्टाडेनातल्या लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेकडच्या लोकांना घर सोडायचा आदेश मिळाला पहाटे तीननंतर, तोवर तिथली घरं पेटलेली होती, आणि मेलेल्यांमध्ये एक सोडून सगळे त्याच बाजूचे. त्यांच्या सुपरवायझर बाईंचा मतदारसंघ पार लँकेस्टरच्या वाळवंटापर्यंत पसरलाय. त्या माणसांनी मध्यरात्री कोणाला फोन करायचा होता, याचं उत्तर मला कोणीच धड देऊ शकलेलं नाही, आणि हे आठवलं की जीव कासावीस होतो.

म्हणून नोव्हेंबर २०२४ मधलं मेजर जी, म्हणजे मतदारांपुढे मंजुरीला ठेवलेला प्रस्ताव, मला महत्त्वाचं वाटतं. थोडक्यात पास झालं ते, पण झालं. २०२८ मध्ये पहिल्यांदा काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचा प्रमुख, निवडून येणार आणि पुढे २०३० च्या जनगणनेनंतर सुपरवायझर पाचाचे नऊ होणार. ते लिहिताना घोळही झाला, २०२० मध्ये लोकांनीच मंजूर केलेलं मेजर जे, म्हणजे काउंटीच्या हातातल्या निधीतला दहा टक्के वाटा लोकांच्या मदतीच्या कामांना राखून ठेवणारं, त्यामुळे आपोआप रद्द होतंय हे २०२५ मध्ये लक्षात आलं. इतक्या मोठ्या बदलाचा मसुदा कोणी नीट वाचला नव्हता याचा मला राग येतो. तरी नऊ हवेतच. खरं तर नऊही कमीच, एकामागे अकरा लाख लोक होतील. माझं म्हणणं असं की त्याबरोबर अल्टाडेनासारख्या भागांच्या टाउन कौन्सिलला निदान इशारे देण्याच्या व्यवस्थेत आणि बजेटमध्ये कायद्याने हक्क द्यावा, नुसता सल्ला नको. बोर्डाची मीटिंग मंगळवारी असते, कोणालाही बोलता येतं, इथे राहणाऱ्या मराठी लोकांनी जावं आणि हेच मागावं.