वडगावातला माग भिंतीवर लागला

सरांचा फोन आला तेव्हा मी सुताच्या कांड्या भरत होते. मागांच्या खडखडाटात अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. बाहेर अंगणात येऊन पुन्हा विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "जानेवारीत आपल्या भागातल्या चित्रकारांचं प्रदर्शन लावतोय. तीन चित्रं दे. फ्रेम तुझी, भिंत आमची."

मी बेळगावच्या वडगावातली. घरात चार यंत्रमाग आहेत. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षा, तेवढंच. पुढे लग्न, माग, मुलगी. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या गल्लीतले सगळे माग एकाच दिवशी थांबले. जन्मापासून ज्या आवाजात झोपले-उठले तो आवाज गेला. दुपारी छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा चौकोन ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर पडायचा आणि तिथंच हळूहळू सरकत राहायचा. त्या चौकोनासाठी मी पंचवीस वर्षांनी ब्रश हातात घेतला. शेजारपाजारच्या घरांत जाऊन थांबलेल्या मागांची अकरा जलरंगातली चित्रं केली.

आमचे हे सर बेळगावचे चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या शिष्यपरंपरेतले. के. बीं.च्या हाताखाली या गावात किती जण घडले! नामवंत चित्रकार रवी परांजपे त्यांतलेच, जन्मानं बेळगावचे. पण मोठा झालेला चित्रकार गाव सोडून जातो, हेच आम्ही लहानपणापासून बघत आलो. इथंच राहिलेल्यांची चित्रंही इथल्या भिंतीवर लागायला हवीत, हा सरांचा हट्ट. मला तो फार मोलाचा वाटतो.

पहिला धक्का घरातच बसला. चित्रं लोखंडी ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवली होती. सप्टेंबरात ट्रंक उघडली तर वरच्या दोन चित्रांवर बुरशीचे ठिपके. बेळगावचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. चार महिने भिंती घाम गाळतात. जलरंगात डिंक असतो, कागदाला सरस लावलेली असते, आणि बुरशीला दोन्ही गोड लागतं. मी घाबरून ओल्या फडक्यानं पुसायला निघाले होते, सरांनी फोनवरच थांबवलं. ओलं काही लावायचं नाही. आधी वारा खेळत्या सावलीत पूर्ण वाळू द्यायचं, मग मऊ कोरड्या ब्रशानं, नाकाला रुमाल बांधून, घराबाहेर हलकेच झाडायचं. एक चित्र वाचलं. दुसऱ्यावर तपकिरी डाग राहिले, ते बाजूला ठेवलं. माझं सगळ्यात आवडतं तेच होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

फ्रेमचं प्रकरण त्याहून अवघड. जवळच्या एका दुकानात एक चित्र दिलं. आणायला गेले तर कागदाची एक बाजू बोटभर कापलेली. तयार फ्रेमच्या मापात बसत नव्हतं म्हणून. वर सगळा कागद हार्डबोर्डला गोंदानं चिकटवलेला. देवाचे फोटो, लग्नाचे फोटो असेच लावतात, त्यामुळे दुकानदाराला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. चूक माझीही होती, मी काही सांगितलंच नव्हतं. पण एकदा चिकटवलेला कागद सहजासहजी सुटत नाही.

उरलेल्या चित्रांसाठी मी चिठ्ठी लिहून नेली आणि दुसऱ्या फ्रेमवाल्या अण्णांना वाचून दाखवली. चित्र कापायचं नाही. चिकटवायचं नाही, फक्त वरच्या कडेला कागदी पट्टीवर टांगायचं. चारी बाजूंनी जाड माऊंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला पुठ्ठा द्यायचा. माऊंट शोभेसाठी असतो असंच मी समजत होते. त्याचं खरं काम वेगळं आहे. कागद हवेतली ओल पिऊन फुगतो आणि काचेला टेकला तर रंगासकट तिथंच चिकटतो. माऊंटच्या जाडीमुळे काच आणि चित्र यांच्यात जागा राहते. अण्णांनी चिठ्ठी काचेखाली ठेवून दिली, "बाकीच्यांनाबी दाखवतो" म्हणाले. एका फ्रेमला 1,100 रुपये पडले. कापलेल्या चित्राच्या जागी ट्रंकेतलं दुसरं काढलं आणि तिन्ही फ्रेमा साडीच्या घड्यांत गुंडाळून रिक्षातून नेल्या.

चित्रं लावायचा दिवस मला उद्घाटनापेक्षाही आवडला. आम्ही नऊ जण होतो. खानापूरकडचा एक कुंभार लाल मातीची मुखं घेऊन आला होता, एक बोर्ड रंगवणारे काका, शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे रंगवणारा एक मुलगा, दोन कॉलेजच्या मुली. बोर्डवाले काका ओळंबा आणि दोरी घेऊनच आले होते. आम्ही बाकीचे नुसत्या नजरेनं लावायला निघालो होतो.

सरांनी एकच नियम सांगितला. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर आला पाहिजे, म्हणजे तो उभ्या माणसाच्या नजरेला येतो. आपण घरी फोटो दाराच्या चौकटीच्या वर लावतो, त्यामुळे इतकं खाली लावायला सगळ्यांचाच हात धजत नव्हता. माझी फ्रेम 24 इंच उंच. तिचे निम्मे 12. मागची तार ताणून धरली की वरच्या कडेपासून 3 इंच खाली राहते. म्हणून 58 अधिक 12, वजा 3. खिळा 67 इंचांवर. काका पेन्सिलीनं आकडे थेट भिंतीवर लिहीत गेले आणि तासाभरात एक भिंत सरळ रेषेत उभी राहिली. माझं मोठं चित्र आधी दारासमोर लावलं होतं, मानाची जागा म्हणून. पण काचेत रस्ता, स्कूटर आणि ट्यूबलाईट दिसायला लागले, माग दिसेना. मी स्वतःच सांगून ते बाजूच्या भिंतीवर हलवून घेतलं.

मग चिठ्ठ्या. नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आधी उंची मग रुंदी, वर्ष, किंमत. आमच्याकडे भाषेचा विषय निघाला की खोलीतली हवा जड होते, म्हणून मी गप्प होते. माझी मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. ती म्हणाली, "दोन्हीत लिहूया की. कन्नडचं मी लिहितो." तिनं मराठीत 'माग' लिहिलं, कन्नडमध्ये 'मग्ग'. मराठीत 'जलरंग', कन्नडमध्ये 'जलवर्ण'. 'चित्र' दोन्हीकडे 'चित्र'च. कुंभारदादांनी तिच्या कन्नडमधल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि आपल्या चिठ्ठ्या मराठीत कशा लिहायच्या ते तिलाच विचारलं. तेवढा अर्धा तास मी आयुष्यभर जपणार आहे.

किंमत लिहिताना हात थरथरला. सर म्हणाले, फ्रेमचा खर्च आणि लागलेले दिवस धर, आणि उद्या कुणी विचारलं तर नजर खाली न घालता सांगता येईल तो आकडा लिही. मी 4,500 लिहिलं.

उद्घाटन संध्याकाळी सहाला होतं. समई, दोन्ही भाषांत स्वागत, थोडी भाषणं, चहा आणि कुंदा. ते सगळं पटकन झालं. विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावतात. पहिली टिकली कुंभारदादांच्या मुखाखाली लागली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या चित्रांपुढे लोक थांबत होते, 'छान' म्हणून पुढे जात होते. मी भिंतीला पाठ लावून उभी.

साडेसातला आमच्या गल्लीतले मामा आले, माग बंद करून, अंगावर सुताचे तंतू तसेच. मोठ्या चित्रासमोर उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ह्यो माझा माग हाय की. पण धोटा मधी कसा? माग बंद केला की धोटा पेटीत असतोय. मधी अडकतोय तो लाईट गेल्यावर." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा. मला एकदम आठवलं. शेवटच्या दिवशी बंद करायच्या आधीच वीज गेली होती आणि ती परत आली तोपर्यंत टाळेबंदी सुरू झाली होती. मी नुसतं जसं दिसलं तसं रंगवलं होतं. त्यामागं काय होतं ते मामांनी वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा घरातल्या म्हाताऱ्या अव्वांना घेऊन आले, नातीला घेऊन आले. अव्वांना वाचता येत नाही. नातीनं चिठ्ठीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "मग्ग." अव्वांचं लक्ष तिकडे नव्हतंच. मागाच्या लाकडी दांड्याला गुंडाळलेली एक हिरवी चिंधी मी रंगवली होती, केवळ तिथं हिरवा हवा म्हणून नव्हे, तर होती म्हणून. अव्वा काचेपर्यंत वाकल्या.

"इदु नंद ऐति," म्हणाल्या. हे माझं आहे. मग माझ्याकडे वळून मराठीत सांगायला लागल्या, ते लुगडं कुठल्या जत्रेला नेसलं होतं, पदर कधी फाटला, उरलेल्याचं काय काय केलं. नात चिठ्ठी सोडून चिंधीकडे बघत राहिली.