अकरा कॅसेट, एक स्वस्त कार्ड: चार झाल्या, सात बाकी

घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट लॅपटॉपवर घेऊन डीव्हीडीवर उतरवतेय. काल रात्री चौथ्या कॅसेटची डिस्क टीव्हीवर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघितली. आवाज कुठेही मागे पडला नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. त्याआधीचे तीन आठवडे लिहिण्यासारखे नव्हते, नुसती चिडचिड होती.

सामान आधी सांगते. एक व्हीएचएस व्हीसीआर, अकरा कॅसेट (बहुतेक ई-१८०, म्हणजे तीन तासांच्या), एक जुना लॅपटॉप आणि अंगठ्याएवढं बिननावाचं यूएसबी कॅप्चर कार्ड, म्हणजे व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारी डबी. कार्डाच्या एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला चार शेपट्या: पिवळी, लाल, पांढरी आणि एस-व्हिडिओची काळी गोल. ही कार्डं बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसतात, पण आतली चिप वेगळी निघते आणि सोबतचा ड्रायव्हर दुसऱ्याच चिपचा असू शकतो. माझ्या डबीला स्क्रू नव्हता, नखाने उघडली. आत एसटीके११६० चिप होती. तुमचंही कार्ड ओळखलं जात नसेल तर ड्रायव्हर बदलत बसण्याआधी डबी उघडून चिपवरचं नाव वाचा.

पहिलं चित्र आलं ते काळं-पांढरं आणि खालून वर सरकणारं. मी तीन वायरी बदलल्या, पिना पुसल्या, व्हीसीआरला दोन शब्द सुनावले. शेवटी कळलं की ड्रायव्हर मुळातच एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकी चित्रपद्धतीवर होता आणि माझ्या कॅसेट आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या. सेटिंग बदललं, रंग आला. असो.

कार्डासोबतचं सॉफ्टवेअर थेट डीव्हीडीचीच एमपेग-२ फाइल बनवून देतं. मोह होतो, कारण काम एका फटक्यात संपल्यासारखं वाटतं. मी पहिली कॅसेट तशीच घेतली आणि पस्तावले. व्हीएचएसच्या चित्रात सतत मुंग्या असतात. एन्कोडरला (चित्र दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला) त्या मुंग्याही हालचालच वाटतात, सगळा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या वाट्याचा डेटा, त्यांच्यावर खर्ची पडतो आणि माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात. शिवाय ती फाइल कापायची, सुधारायची तर पुन्हा एन्कोड करावी लागते आणि आणखी बिघडते. तेव्हापासून व्हर्च्युअलडब या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये हफयुव कोडेक लावून लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीही न गमावता घेते. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम आणि दर पिक्सेलला दोन बाइट असा कच्चा हिशोब केला तर तासाला ७५ जीबीच्या आसपास जातात. हफयुवने ते माझ्याकडे तीस-पस्तीसवर आले. डिस्क तयार होऊन तपासून झाली की ही मोठी फाइल उडवता येते. घरगुती चित्रीकरणाच्या मात्र मी ठेवणार आहे.

इथे एक गंमत झाली. रेकॉर्डिंग दर वेळी आठव्या मिनिटाला बंद पडायचं. कार्ड तापतंय असं धरून मी त्याच्यावर पंखाही लावला. दोष निघाला बाहेरच्या हार्ड डिस्कचा: ती फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि फॅट३२वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. एनटीएफएस केल्यावर पंखा परत छताला.

आता खरं दुखणं. दुसऱ्या कॅसेटवर माझा मामेभाऊ भिंतीवर चेंडू आपटतोय असं पंधरा मिनिटांचं चित्रीकरण आहे. बाकीच्यांना ते बघवत नाही, पण आवाज जुळतोय का हे तपासायला याहून चांगलं काही सापडणार नाही. कॅसेटच्या सुरुवातीच्या भागात चेंडू भिंतीला लागतो आणि त्याच क्षणी धप्प ऐकू येतं. तासाभराने तोच मुलगा पुन्हा चेंडू घेऊन येतो, तेव्हा चेंडू भिंतीला लागून त्याच्या हातात परत आलेला असतो आणि मग धप्प!

मी कार्डालाच दोष देत होते. स्वस्तातलं आहे, आणखी काय होणार, असं. दुसरा यूएसबी पोर्ट, दुसरा लॅपटॉप, अँटिव्हायरस बंद, सगळं करून झालं. म्हणजे साप साप म्हणून भुई थोपटणं. शेवटी व्हर्च्युअलडबमधला ड्रॉप झालेल्या, म्हणजे सुटून गेलेल्या फ्रेमचा आकडा समोर ठेवून सबंध तास बसले. आकडा हळूहळू वाढत नव्हता. दहा-बारा मिनिटं जागेवरच थांबायचा आणि मग एकदम चार-पाचने उडी मारायचा. उडी नेमकी तिथे, जिथे कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केलाय, किंवा जिथे फीत चुरगळलीय. तासाअखेर वीस फ्रेम गेल्या होत्या. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, वीस म्हणजे ८००. चेंडू हातात परत यायला तेवढा वेळ पुरतो.

कारण असं की व्हीसीआर हे यंत्र आहे: ड्रम फिरतो, फीत ताणली जाते, सैल पडते. त्यामुळे प्रत्येक ओळ ठरल्या वेळी सुरू होतेच असं नाही. जुना ट्यूबचा टीव्ही एवढं सांभाळून घ्यायचा, म्हणून आपल्याला कधी कळलं नाही. कार्डाला ते जमत नाही. सिंक, म्हणजे ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ती खूण, नीट मिळाला नाही की ते फ्रेमच सोडून देतं. आवाज मात्र वेगळ्या वाटेने, न थांबता येत राहतो. चित्र तेवढं आखूड होतं आणि आवाज मागे राहतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावरचं खरं औषध म्हणजे टाइम बेस करेक्टर, ओळींची चुकलेली वेळ सरळ करणारं यंत्र, पण तो स्वस्त कार्डवाल्यांच्या वाट्याची गोष्ट नाही. मला मदत झाली ती माळ्यावरच्या एका डीव्हीडी रेकॉर्डरची. त्याचं लेझर मेलंय, डिस्क वाचत नाही, लिहीत नाही. पण आत आलेलं चित्र तो आधी डिजिटल करून घेतो आणि मग नव्या, सरळ सिंकसह बाहेर सोडतो. व्हीसीआरमधून त्याच्यात, त्याच्यातून एस-व्हिडिओने कार्डात. तीच कॅसेट, तेच कार्ड, तोच तास: ड्रॉप एक. चेंडू आणि धप्प एकत्र. मी ते पंधरा मिनिटांचं चित्रीकरण पहिल्यांदाच आनंदाने पाहिलं.

सगळे रेकॉर्डर हे करत नाहीत. काही जण आत आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे ढकलतात. जो करतो त्यातही नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात. आणि एक: फीत फारच खराब असेल तर तिच्या बिघडलेल्या सिंकला रेकॉर्डर कॉपी-संरक्षण समजतो आणि घरच्याच चित्रीकरणाला नकार देतो. माझ्याकडे एकदा झालं. फीत थोडी पुढे नेऊन पुन्हा सुरू केल्यावर निभावलं.

वायर बदलल्यामुळे चित्राची पातळीही बदलली होती, ते मात्र उशिरा लक्षात आलं. मामाच्या पांढऱ्या शर्टाच्या चुण्या गायब, नुसतं पांढरं ठिगळ. व्हर्च्युअलडबचा हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) उघडला तर उजवीकडचा भाग भिंतीला चिकटलेला. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. त्याच्या फार बाहेर गेलेलं कापलं जातं आणि नंतर कितीही काळोख केला तरी चुण्या परत येत नाहीत. कार्डाच्या ड्रायव्हरमधला ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही थोडे खाली आणले आणि ती कॅसेट तिसऱ्यांदा घेतली. आता प्रत्येक कॅसेटचा सगळ्यात उजेडाचा प्रसंग आधी शोधते, पातळी लावते, फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवते आणि मगच रेकॉर्डिंगला हात घालते.

डिस्क बनवताना फार त्रास झाला नाही, एक घोळ सोडून. कॅसेटवरचं चित्र इंटरलेस असतं: प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये येते. डीव्हीडीला ते तसंच चालतं, तेव्हा डीइंटरलेस करू नका (दोन्ही फील्ड एकत्र करू नका), अर्धी हालचाल फुकट जाते. पण फील्डचा क्रम बरोबर हवा. माझ्या कार्डाचा वरचं फील्ड आधी असा आहे आणि मी एन्कोडरला उलटा सांगितला होता. लॅपटॉपवर काही कळलं नाही. टीव्हीवर चेंडू दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत भिंतीकडे गेला. हे सगळं पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर चाललं होतं म्हणून बरं, नाहीतर कोऱ्या डिस्कचा ढीग वाया गेला असता. चित्राच्या तळाला व्हीसीआरचं वाचणारं हेड बदलताना येणारी फाटकी पट्टी असते, ती कापण्याऐवजी आठ-दहा ओळी काळ्या करते. चित्राचा आकार ५७६ ओळींचाच राहतो.

बिटरेटचा हिशोब मी वहीत करते. ४.७ जीबीची डिस्क म्हणजे ३७.६ अब्ज बिट. तीन तासांच्या कॅसेटला भागलं की सेकंदाला साडेतीन हजार किलोबिटपेक्षा किंचित कमी. त्यातून आवाजाचे १९२ आणि थोडी मोकळी जागा वजा केली की चित्राला ३,१०० उरतात. पूर्ण आकाराच्या मुंग्यावाल्या चित्राला ते अपुरे पडतात. म्हणून घरगुती कॅसेट दोन डिस्कवर, दीड-दीड तास, ६,५०० ने. टीव्हीवरून घेतलेल्या कार्यक्रमांना ३५२ बाय ५७६ करून एकाच डिस्कवर. व्हीएचएसची आडवी बारकाई मुळातच जेमतेम २४० रेषांची, त्यामुळे डोळ्याला फारसं हरवत नाही. नियमाने चित्र ९,८०० पर्यंत जाऊ शकतं, पण मी ८,००० च्या वर जात नाही, राइट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर अडखळतात. आवाज ४८,००० हर्ट्झवरच घ्या. ४४,१०० वर घेतला तर नंतर बदलावाच लागतो.

मेनू डीव्हीडीस्टायलरमध्ये, राइटिंग इमगबर्नने, वेग कमी आणि शेवटी व्हेरिफाय. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

पाचव्या कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरट बुरशी. ती व्हीसीआरला लागली तर उरलेल्या सहाही कॅसेटना लागेल, म्हणून तिला पिशवीत बांधून वेगळी ठेवली. सगळ्यात शेवटी बघू. हे लिहिता लिहिता सहावी सुरू आहे. एकेचाळीस मिनिटं झाली, ड्रॉप शून्य.