आमची वाटचाल: मिरज ते उत्रेख्त

आमचा धंदा काय हे एका वाक्यात सांगणं अवघडच जातं. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला आम्ही हार्प्सिकॉर्ड भाड्याने देतो, म्हणजे व्हॅनमधून चर्चमध्ये किंवा हॉलवर पोचवायचं, सुरात लावायचं आणि कॉन्सर्ट संपेपर्यंत तिथेच थांबायचं. मी आणि बायको, दोघंच. व्हॅन ती चालवते, हिशोबही तीच बघते.

हार्प्सिकॉर्ड दिसायला पियानोसारखं, पण आत हातोड्या नसतात. पट्टी दाबली की जॅक नावाची लाकडी काडी वर जाते आणि तिच्यात खोचलेलं पीस तार छेडतं. पूर्वी खरंच कावळ्याची पिसं वापरायचे, आता बहुतेक ठिकाणी डेलरिन नावाचं प्लास्टिक असतं. आमच्या एका वाद्यावर आम्ही अजून पिसंच ठेवलीत, तुटतात फार, पण आवाजातला गोडवा वेगळाच.

मी मूळचा मिरजेचा. शाळा सुटली की सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात जाऊन बसायचो. तिथले चाचा तंबोऱ्याची जवारी काढायचे, घोडी जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. काही शिकवलं नाही त्यांनी, पण खर्जाच्या तारेतून आपोआप उठणारा गंधार कानात बसला तो तिथेच. आज पिसाचं टोक स्काल्पेलने तासताना हात तसाच चालतो, केसाइतकं जास्त गेलं की आवाज मेला.

इकडे आलो ते आयटीच्या नोकरीसाठी. वाद्य दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे शनिवार-रविवारी जायला लागलो, ते थकले तेव्हा त्यांची दोन वाद्यं हप्त्याने घेतली आणि सुरुवात झाली. पहिल्याच कामाला मी मोबाईलचं ॲप लावून सगळं नीट आजच्या पियानोसारखं ट्यून केलं. वाजवणाऱ्या बाई आल्या, दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाल्या, हे नाही चालणार, मी स्वेलिंक वाजवतेय, मला मीनटोन (सूर लावायची जुनी पद्धत) पाहिजे. स्वेलिंक (1562–1621) म्हणजे ॲमस्टरडॅमच्या आउडे केर्क या चर्चचा ऑर्गनवादक आणि संगीतकार. मग त्यांनी शेजारी बसून लावून घेतलं, प्रत्येक पंचम साधारण साडेपाच सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवायचा म्हणजे गंधार शुद्ध येतो, पियानोवर तोच गंधार 14 सेंट चढा असतो. सी आणि ई, म्हणजे आपले सा आणि ग, एकत्र वाजले आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हा तर चाचांच्या तंबोऱ्यातला गंधार! त्या दिवशी ठरवलं की हेच करायचं.

अर्थात मीनटोनमध्ये फुकट काही मिळत नाही, जी शार्प आणि ई फ्लॅटमधला पंचम इतका बेसूर होतो की त्याला लांडगाच म्हणतात. म्हणून बाख या जर्मन संगीतकारासाठी वेगळं ट्यूनिंग लावावं लागतं, आणि पट्टीही, म्हणजे ए हा स्वर किती हर्ट्झवर लावायचा तेही, विचारून घ्यावी लागते, बरोकला (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत) बहुतेक 415, फ्रेंच संगीत असेल तर कधी 392. हे सगळं आम्ही बुकिंगच्या फोनवरच विचारतो, भाव नंतर.

सगळ्यात वाईट दिवस डिसेंबरातला. एका चर्चमध्ये दुपारभर बसून मोठं वाद्य लावलं, पाच सप्तकं, तारांचे तीन संच, म्हणजे 183 तारा, आणि लोक यायच्या अर्धा तास आधी कोणीतरी हीटर पूर्ण सोडला. हवा कोरडी झाली, लाकूड हललं, सूर गेले. मध्यंतराच्या वीस मिनिटांत मी जेवढं जमेल तेवढं सावरलं, वादकाने अवघड स्वरांचा तुकडा कार्यक्रमातून काढला. त्या रात्री परतताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून करारात अट आहे, हीटिंग चार तास आधी लावायचं आणि नंतर हात लावायचा नाही. या अटीपायी दोन गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

ऑगस्टच्या शेवटी इथे जुन्या संगीताचा फेस्टिव्हल असतो, 1982 पासून चालू आहे, त्या दिवसांत गावात सगळीकडे हेच वाजत असतं आणि आम्हाला झोप नसते.

आता पाचवं वाद्य घेतोय, क्लॅविकॉर्ड. त्यात पितळेची पट्टी तारेला टेकून तशीच राहते, त्यामुळे बोट हलवलं की स्वर आंदोलतो, कीबोर्डच्या वाद्यावर असं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आवाज इतका बारीक की मोठ्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेलाही नीट पोचणार नाही, भाड्याने फारसं जाणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. बायको म्हणाली, घेऊया. घेतलं.