नोव्हेंबरातला जन्म, फेब्रुवारीतले दफन

मी मॅसॅच्युसेट्समध्ये, बोस्टनच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या गावात, सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास दालनात काम करते. माहेर वाईचे, शिक्षण पुण्याचे आणि काम मात्र चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून इथे येऊन स्थायिक झालेल्यांची कुळे शोधून देण्याचे, याचे माझ्या नातेवाइकांना फार हसू येते. ‘तुला स्वतःच्या खापरपणजोबांचे नाव तरी सांगता येईल का?’ असे एका मावशीने लग्नघरात सर्वांदेखत विचारले होते. (येते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत ते आहे.) एरवीचे दिवस मायक्रोफिल्म आणि संगणकाच्या पडद्यासमोर मुकाट्याने जातात, पण दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबरातला एक मंगळवार मी विसरलेले नाही.

त्या दिवशी दालन उघडताच ऐंशीच्या घरातल्या एक बाई आपल्या नातवाला घेऊन आल्या. नातवाच्या हातात कापडी बांधणीचे, कडांना सोनेरी मुलामा दिलेले जाडजूड पुस्तक होते. तो त्यांच्या घराण्याचा इतिहास होता. १९०७ साली त्यांच्या आजोबांच्या चुलत्याने तो एका व्यावसायिक वंशावळकाराला पैसे देऊन लिहवून घेतला होता आणि घरापुरता छापला होता. त्याची एक प्रत आमच्याही कपाटात आहे. बाईंना आद्य वसाहतकारांच्या वंशजांच्या एका संस्थेचे सभासद व्हायचे होते. त्यांनी पुस्तकाच्या आधारे अर्ज भरला, तेव्हा संस्थेने पुढच्या दहा-अकरा पिढ्या मान्य केल्या आणि केवळ मूळ पुरुषाच्या इंग्लंडमधल्या जन्मापुढे ‘पुरावा जोडावा’ असा शेरा मारून कागद परत पाठवले. बाई थोड्या दुखावल्या होत्या. घरात भिंतीवर ढालीचे राजचिन्ह लावलेले, चांदीच्या चमच्यांवर तेच कोरलेले, आणि आता कोणी तरी पुरावा मागतो म्हणजे काय!

पुस्तकातली कथा अशी होती. मूळ पुरुष थॉमस (आडनाव लिहीत नाही, ते कुटुंब आजही गावात आहे) हा डेव्हन परगण्यातल्या ‘सर’ किताब असलेल्या एका जमीनदाराचा धाकटा मुलगा. प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची आणखी शुद्धी मागणाऱ्या पंथाच्या, मतांपायी बापाने त्याला घराबाहेर काढले आणि १६३५ साली लंडनहून जहाजात बसून तो इकडे आला. यातली शेवटची गोष्ट खरी आहे. त्या वर्षी लंडन बंदरातून समुद्रापार जाणाऱ्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि चर्चशी एकनिष्ठ असल्याचा आपल्या पाद्र्याचा दाखला द्यावा लागे. त्यांची नावे आणि वये लिहिलेली वही लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहे. तिच्यात आमचा थॉमस आहे, वय २६. १९०७ च्या लेखकाने १६३५ मधून २६ वजा केले, १६०९ साली बाप्तिस्मा झालेला त्याच आडनावाचा थॉमस शोधला, आणि तो डेव्हनमध्ये सापडला तोही नेमका एका सरदार घराण्यात. अशा वेळी लेखकाला किती आनंद झाला असेल याची मी कल्पना करू शकते, कारण पैसे मोजणाऱ्या घरालाही तेच हवे होते. त्या काळात अमेरिकेतल्या धनिकांना हव्या तशा वंशावळी तयार करून देणारे लोक होते. गुस्ताव आंजू नावाच्या गृहस्थाने तर त्यावरच आयुष्य काढले आणि त्याने घुसडलेले खोटे दुवे आम्ही आजही वेचून काढत असतो.

मला पहिली शंका आली ती वयाची. डेव्हनमध्ये १६२० साली राजाच्या वतीने घराण्यांची राजचिन्हे तपासणारे अधिकारी फिरले होते आणि प्रत्येक घराने त्यांच्यापुढे आपली वंशावळ मांडली होती. या घराच्या वंशावळीत थॉमस नाहीच. पुस्तक म्हणते, बापाने धर्मासाठी त्याचे नाव गाळले. १६२० साली हा मुलगा अकरा वर्षांचा असणार. अकरा वर्षांच्या पोराने बापाशी असा कोणता धर्मवाद घातला असेल?

म्हणून मी त्या पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, मूळ नोंदवहीची छायाचित्रे पडद्यावर उघडली. इंग्लंडमध्ये अशा वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला आणि जिथे उंदीर, ओल व आळशी पाद्री यांच्या तावडीतून त्या सुटल्या तिथे आमचे काम सोपे होते. थॉमसचा बाप्तिस्मा १२ नोव्हेंबर १६०९ रोजी नोंदलेला होता, लेखकाने लिहिले होते तसाच. पुढे दफनांची पाने चाळताना मात्र २० फेब्रुवारी १६०९ ही तारीख दिसली आणि तिच्यापुढे थॉमस, त्याच बापाचा मुलगा. लेखकाने ही नोंद लपवलेली नव्हती, उलट तळटीपेत तिचा खुलासा केला होता: फेब्रुवारीत वारलेला तो थोरला भाऊ, त्याचेच नाव नोव्हेंबरात जन्मलेल्या धाकट्याला ठेवले. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला ठेवण्याची रीत तिथे खरोखरच होती, त्यामुळे वाचणारा मान डोलावून पुढे जातो.

मी पुढे गेले नाही, आणि याचे श्रेय मला पदवीपेक्षा आमच्या वाईच्या आजोबांना द्यावेसे वाटते. त्यांच्या घरगुती वहीत एका आत्याचा जन्म कार्तिक शके १८५१ आणि मृत्यू माघ शके १८५१ असा लिहिलेला आहे. दहा-बारा वर्षांची असताना मी दोन्हींत अठ्ठ्याहत्तर मिळवून, आत्या नोव्हेंबर १९२९ मध्ये जन्मली आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये वारली, असे त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले होते. आजोबा म्हणाले, ‘बाळ, शक पाडव्याला बदलतो. जानेवारी लागला की अठ्ठ्याहत्तर नव्हे, एकोणऐंशी मिळवायचे.’ इंग्लंडचाही पाडवा तेव्हा मार्चातच होता. १७५२ च्या सुधारणेपर्यंत तिथले कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून नोव्हेंबर १६०९ नंतर जो फेब्रुवारी आला तोही १६०९ चाच, आपण आज त्याला १६१० म्हणू. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माचीही हीच गत आहे. जन्मला तेव्हाच्या पंचांगाने ती तारीख ११ फेब्रुवारी १७३१, आणि आता पाळतात ती २२ फेब्रुवारी १७३२ (वर्षाबरोबर दिवसही बदलला, कारण त्याच सुधारणेत अकरा दिवस गाळले). हे आमच्या धंद्यातले बाळबोध ज्ञान आहे. १९०७ च्या लेखकाला ते नव्हते असे मला वाटत नाही.

म्हणजे थोरला आणि धाकटा असे दोन थॉमस नव्हतेच. एकच होता, आणि तो तीन महिन्यांचा होऊन गेला.

मी हे बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळीकडे बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, ‘मग आमचा थॉमस कोण?’ वास्तविक मी त्यांना आठवड्याने या असे म्हणायला हवे होते. पण त्यांचा नातू गाडी चालवत दोन तासांच्या अंतरावरून आला होता आणि दालनात त्या दिवशी दुसरे कोणी नव्हते.

सतराव्या शतकातला माणूस सापडत नसेल तर त्याचे शेजारी शोधावेत, हा आमचा जुना नियम आहे. १६२० ते १६४० या काळात सुमारे वीस हजार इंग्रज न्यू इंग्लंडला आले, पण ते सुटे-सुटे फारसे आले नाहीत. एका गावचे, एका पाद्र्याचे ऐकणारे, एकमेकांचे मेहुणे-साडू असे जथ्याने आले आणि इकडेही शेजारी-शेजारी राहिले. गावाच्या १६३७ च्या वाटपात थॉमसला घरासाठी जागा आणि गवताचा एक तुकडा मिळाला आहे, आणि चतुःसीमेत पूर्वेला जो माणूस आहे त्याने पुढे एका खरेदीखतात ‘माझा भाऊ थॉमस’ असे म्हटले आहे. आडनावे वेगळी, आणि त्या काळच्या इंग्रजीत मेहुण्यालाही भाऊच म्हणत. तो शेजारी एसेक्स परगण्यातल्या लोकरी कापड विणणाऱ्या एका गावाहून आला, हे पूर्वीच सिद्ध झालेले आहे. १६२९ च्या सुमारास त्या भागातला कापडधंदा बसला होता आणि विल्यम लॉड लंडनचा बिशप झाल्यापासून प्युरिटन पाद्र्यांच्या मागे ससेमिरा लागला होता. डेव्हनच्या हवेलीपेक्षा हे मला अधिक पटण्यासारखे होते.

त्याच कागदांत एक ओळ अशीही आहे की थॉमसचा गवताचा तुकडा ‘इंडियनांच्या शेताला’ लागून होता. बाईंच्या पुस्तकात मात्र हा सगळा मुलूख ‘ओसाड रान’ आहे. १६१६ ते १६१९ ची साथ आणि १६३३ ची देवी यांनी इथल्या मूळ रहिवाशांची गावेच्या गावे रिकामी केली होती, आणि इंग्रजांना जी तयार मोकळी जमीन मिळाली ती बहुधा या मूळ रहिवाशांनीच मका लावून राखलेली. नातवाने ती ओळ आपल्या फोनमध्ये टिपून घेतली. बाई काही बोलल्या नाहीत.

दुपारी एसेक्सच्या मृत्युपत्रांच्या सूचीत थॉमसच्या आडनावाची एक विधवा निघाली. तिच्या मृत्युपत्राचा छापील गोषवारा आमच्याकडे होता, पण त्यात वारसांची नावे तेवढी होती, गावे नव्हती. चेम्सफर्डच्या अभिलेखागाराने मूळ कागदाचे छायाचित्र ऑनलाइन ठेवलेले आहे. ग्रंथालयाच्या खात्यावर पैसे भरून मी ते उतरवून घेतले. ती लिपी आजच्या इंग्रजीच्या वाचकाला अनोळखी वाटते: ‘एच’ ओळीखाली लोंबतो, ‘ई’ उलटा वळतो, ‘सी’ थेट ‘आर’सारखा दिसतो. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मी मोडीचा वर्ग केला होता आणि त्यातली एक सवय इथे उपयोगी पडते. अक्षर-अक्षर लावत बसायचे नाही. लिहिणाऱ्याचा हात कसा वळतो ते आधी ओळखीच्या शब्दांवर बघून घ्यायचे आणि मग अडलेल्या जागी यायचे. देवाचे नाव, राजाचे नाव, ‘माझी मुलगी’, ‘पितळी भांडे’, ‘तांबडी गाय’ असे करत मी बाराव्या ओळीशी आले. मुलगा थॉमस याला पाच पौंड, आणि पुढे ‘जो सध्या न्यू’. शब्द तिथे ओळीच्या कडेला तुटला होता. पुढच्या ओळीच्या आरंभी ‘इंग्लंड’ होते. त्यानंतर अट: त्याने स्वतः येऊन किंवा पत्र पाठवून मागितले तर द्यावेत. मुलीच्या नवऱ्याचे नाव तेच होते, जे आमच्या खरेदीखतात पूर्वेच्या शेजाऱ्याचे आहे.

मी ती ओळ हळूहळू वाचून दाखवली. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘तिने त्याला पाच पौंड ठेवले होते.’ राजचिन्हाचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. थॉमस धंद्याने शिंपी होता आणि लिहायला शिकलेला नव्हता, हेही मी त्यांना दाखवले. खताच्या नकलेत कारकुनाने त्याची निशाणी हुबेहूब उतरवून घेतली आहे, उघड्या कात्रीसारख्या दोन रेघा. आपल्याकडच्या जुन्या कागदांत पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढत, तसेच हे. नातवाला ते सोनेरी ढालीपेक्षा फार आवडले.

‘मग त्याला ते मिळाले का?’ बाईंनी उठता-उठता विचारले. बोस्टनचा त्या काळचा नोटरी विल्यम ॲस्पिनवॉल याच्या १६४४ ते १६५१ च्या नोंदी १९०३ साली छापलेल्या आहेत, आणि त्यांत इंग्लंडमधला वारसा वसूल करण्यासाठी केलेली मुखत्यारपत्रे पुष्कळ आहेत. पुस्तक माझ्या मागच्याच फळीवर होते. सूचीत नाव होते. थॉमस, शिंपी, याने आईच्या मालमत्तेतले पाच पौंड मागून घेण्यासाठी इंग्लंडला परत निघालेल्या एका व्यापाऱ्याला अधिकार दिले होते.

बाईंनी तीनही कागदांच्या प्रती घेतल्या. सोनेरी कडांचे पुस्तक त्यांनी नातवाकडे दिले आणि मला विचारले की ग्रंथालयाच्या प्रतीत, त्या तळटीपेच्या पानावर, एक चिठ्ठी लावता येईल का. मी चिठ्ठी कापली, त्यांनीच मजकूर सांगितला आणि मी पेन्सिलीने लिहिला: जन्म नोव्हेंबर १६०९, दफन फेब्रुवारी १६०९/१०, एकच मूल.