तू कितवा?

पाचवीच्या पहिल्या दिवशी इतिहासाच्या सरांचं पेन हजेरीत माझ्या आडनावापाशी थांबलं. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, “तू कितवा?”

“सहावा, सर.”

“अजून किती यायचेत?”

“तीन.”

सरांनी एक सुस्कारा टाकला आणि पुढचं नाव घेतलं. माझ्याआधीचे पाचही जण त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यातल्या तिसऱ्याने सुस्काऱ्याला पुरेसं कारण दिलं होतं. ते इथे लिहीत नाही, तो आता आजोबा झालाय.

पाच भाऊ, चार बहिणी. मूळ घर नगर जिल्ह्यातलं. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड, म्हणून आम्ही सोलापूरचे. क्वार्टरच्या दोन खोल्यांत अकरा माणसं कशी मावत होती हे आज मला नीट सांगता येणार नाही, कारण आम्ही घरात नसायचोच. उन्हाळ्यात तर रात्रीसुद्धा अंगणात. आईची जुनी लुगडी ओली करून पांघरायची आणि ती सुकायच्या आत झोप लागली पाहिजे, एवढाच नियम.

स्वतःचं असं कोणाकडे काही नव्हतं. इतिहासाचं पुस्तक थोरल्या ताईपासून एकेक पायरी उतरत माझ्यापर्यंत आलं, तेव्हा त्याला दोनदा खळ लावून झाली होती. पहिल्या पानावर पाच नावं, चार खोडलेली. आत एका पानाच्या समासात ताईने पेन्सिलीने लिहिलं होतं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे. छापील धड्यात ती नावं नव्हती, सर आपणहून सांगायचे, आणि सांगताना खडू खाली ठेवायचे. पेन्सिल पुसट झाली की ज्याच्याकडे पुस्तक असेल त्याने ती गिरवायची, असं कोणी ठरवलं नव्हतं. पण माझ्या हाती आली तेव्हा अक्षरं चांगली जाड झाली होती. पुढे १९६७ ला बालभारती निघाली, धाकट्यांची पुस्तकं बदलत गेली, आणि घरात पहिल्यांदा कोरं पुस्तक आलं. त्याचा वास घ्यायला आम्ही मोठेही रांगेत.

कंपासपेटीची मात्र कथा वेगळी. ती पाचव्याची आणि माझी मिळून एक. तो नववीत, त्याची शाळा सकाळची. मी सहावीत, माझी दुपारची. तो सुटायचा, मी आत शिरायचो, आणि फाटकातच पेटी या हातातून त्या हातात. सहामाहीच्या भूमितीच्या पेपराला हा पठ्ठ्या मॅच बघायला परस्पर पार्क मैदानावर गेला, पेटीसकट. प्रश्न होता, पाच सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. मी डब्याचं झाकण ठेवून गिरवलं. पेपर परत आला त्यावर लाल शाईत शेरा: “वर्तुळ उत्तम. गुण ०.” संध्याकाळी भावाला दाखवला तर म्हणतो, “मग झाकण छोटं न्यायचं की बे!”

आम्ही कॅथलिक. सातला जपमाळ. बाबा ड्यूटीवर असोत नसोत, नऊ जण गुडघ्यांवर, मागे आई, म्हणजे कोण पेंगतंय ते दिसावं. शेजारच्या पद्मशाली कुटुंबातला माझा वर्गमित्र लपंडावासाठी दारात ताटकळायचा. ऐकून ऐकून त्याला ‘नमो मरिया’ पाठ झालं होतं. आम्ही लवकर सुटावं म्हणून तो बाहेरूनच “आमेन” ठोकून द्यायचा. आई ओरडायची, पण दसऱ्याच्या दिवसांत त्याच्याच आईबरोबर बतकम्मा, तो तेलुगू बायकांचा फुलांचा सण, बघायला जायची. दुसरा भाऊ वेदीसेवक होता, त्याने मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, सगळी उत्तरं लॅटिनमध्ये घोकली होती. व्हॅटिकनची परिषद झाली, मिस्सा मराठीत आला, आणि बिचाऱ्याचं पाठांतर एका फटक्यात वाया. माझी पाळी आली ती मराठीत. हे त्याने मला अजून माफ केलेलं नाही.

नाताळच्या करंज्या-चकल्यांची ताटं चाळभर फिरायची. पाहुण्यांकडून मिळालेले चार-आठ आणे मात्र आम्ही खर्च करत नसू, कारण पंधरा-वीस दिवसांवर गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा! सात नंदीध्वज निघाले की आम्हीही गर्दीत, “हर्र बोला हर्र” म्हणायला सगळ्यांत मोठा गळा आमच्या सातवीचा, माझ्या पाठच्या बहिणीचा. मग होम मैदानावर पाळणा, आणि पैसे उरले तर भेळ. एकदा फादरही आम्हाला तिथे भेटले. आम्ही तोंडं लपवली, तर ते स्वतःच पाळण्याच्या रांगेत.

सप्टेंबरात नगर जिल्ह्यात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा. रेल्वेच्या पासावर सगळे, दौंडला गाडी बदलायची. आई फलाटावर मुलं मोजायची. एका वर्षी दहा भरली. दहावं कोणा दुसऱ्यांचं, आमच्या शेंगाच्या चटणीच्या वासाने येऊन बसलेलं.

शाळेच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून तेव्हा रूळ दिसायचे. बाबांची मालगाडी त्या वेळेला असली की डबे मोजत मी वाट बघायचो. शेवटी गार्डाचा डबा, कठड्याशी पांढऱ्या गणवेशात बाबा, हातात हिरवी झेंडी. हलवायचेच! गणिताचे सरसुद्धा अर्धा मिनिट थांबायचे. पण घरी गेल्यावर भांडण. पाचवा म्हणे, ती मला होती, मी मैदानात होतो. सातवी म्हणे, मला, मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. मी तर खिडकीत. असं महिनोन् महिने चाललं. शेवटी एका रविवारी जेवताना थेट बाबांनाच विचारलं, झेंडी नक्की कोणाला होती?

बाबांनी भाकरी मोडली.

“ड्रायव्हरला,” ते म्हणाले. “ऑलराइट द्यावं लागतं.”